चापटपोळी आणि कायदा



सारे आयुष्य मराठी शिकविण्यात गेल्यामुळे कायद्याच्या प्रश्नाकडेही मी शब्दांच्याच वाटेने येतो. मुलांना मारण्यासाठी आपल्या भाषेने केवढे गोड शब्द घडविले आहेत! धम्मकलाडू, चापटपोळी, पाठपूजा, प्रसाद. चौदावे रत्न तर थेट समुद्रमंथनातून आणले. मोठ्याने मोठ्यावर हात उगारला तर ती मारहाण. लहानग्यावर उगारला तर पक्वान्न! विनोदाचे हे पांघरूण मारणाऱ्यांनी विणलेले आहे.

शाळेतील छडी २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने निषिद्ध ठरविली. घर मात्र त्याच्या कक्षेबाहेर राहिले. बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी पालकाने सद्भावनेने केलेल्या कृतीस संरक्षण देणारे १८६० च्या दंडसंहितेतील ८९ वे कलम आता, १ जुलै २०२४ पासून, भारतीय न्याय संहितेत २७ वे कलम होऊन नांदते आहे. त्यात मारण्याचा उल्लेख नाही. पण त्याच्या आडोशाला चापट सुखाने उभी राहू शकते.

आईबाप आणि मूल यांच्यामध्ये कायद्याने का पडावे, असा आक्षेप घेतला जातो. बडोद्यात तरी तो शोभत नाही. सयाजीराव महाराजांनी १९०४ साली बालविवाहास आळा घालणारा कायदा केला. १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि मुलांना शाळेत न धाडणाऱ्या पालकांना दंड बसू लागला. मूल ही बापाची मालमत्ता नव्हे, हे या नगरीला तेव्हाच ऐकविले गेले होते.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. असा कायदा झाला की पोलीस घरात शिरतील, आणि शिरतील ते बहुधा गरिबाच्याच घरात. आईला कोठडीत टाकून मुलाचे कोणते हित साधणार? या दृष्टीने स्वीडनचा मार्ग मला पटतो. त्या देशाने १९७९ साली पालकसंहितेतच मुलांना मारण्यास मनाई केली, परंतु त्या कलमाला वेगळी शिक्षा जोडली नाही. गंभीर मारहाणीसाठी फौजदारी कायदा होताच. नव्या नियमाची माहिती दुधाच्या खोक्यांवर छापून घरोघर पोहोचविली. न्याहारीच्या वेळी ती बापाच्या आणि मुलाच्या नजरेस एकदमच पडली असणार! आपल्या शेजारच्या नेपाळनेही २०१८ मध्ये घरातील मारास मनाई केली आहे.

तसे कलम आपल्याकडे व्हावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचा मराठी अनुवाद करणाऱ्यास एवढीच विनंती, की ‘शारीरिक ताडन’ असा भारदस्त शब्द त्याने योजू नये. ‘मारणे’ असे लिहावे. तो शब्द पहिलीतल्या मुलालाही वाचता येतो.