क्वेबेकची शरणागति



रणांत विजय मिळविणारांचे पोवाडे सर्वच गातात; परंतु नगर शत्रूच्या हवालीं करण्याचें कठीण काम ज्याच्या वांट्यास येतें, त्याचें नांव सहसा कोणी काढीत नाहीं. अशाच एका किल्लेदाराची हकीकत मी आज सांगणार आहें.

कॅनडांतील क्वेबेक हें फ्रेंच वसाहतीचें राजधानीचें शहर. १७५९ च्या जुलैपासून इंग्रजांच्या तोफा सेंट लॉरेन्स नदीच्या पैलतीरावरून त्यावर मारा करीत होत्या. मोठें देऊळ जळालें, घरें ढांसळलीं. १३ सप्टेंबरला तटाबाहेर, अब्राहामच्या माळावर लढाई झाली व ती अर्ध्या तासाच्या आंत संपली. इंग्रज सेनापति वुल्फ रणांतच पडला. फ्रेंच सेनापति माँकाल्म जखमी होऊन दुसरे दिवशीं पहांटे वारला. उर्सुलाइन भगिनींच्या मठांतील देवळांत तोफगोळ्यानें पडलेला खड्डा हीच त्याची कबर झाली.

गव्हर्नर व्होद्रॉय उरलेलें सैन्य घेऊन रात्रींच निघून गेला. जातांना त्यानें किल्लेदार रामझे यास लेखी हुकूम दिला कीं, शत्रु तटावर चढून येण्याची वाट पाहूं नये. अन्न संपतांच पांढरें निशाण लावावें. शहरांत बायकामुलें, आजारी व जखमी यांची गर्दी, शिधा थोडा. १५ तारखेच्या मसलतींत एकट्या फिएदमाँनें लढण्याचा सल्ला दिला. बाकी सर्वांनीं शरण जावें असें म्हटलें. १७ तारखेस निशाण चढलें. त्यानंतर बिस्किटांचीं पोतीं घेऊन स्वार आले, नवा सेनापति लेव्ही कुमकेस निघाल्याचें कळलें. पण शब्द दिला गेला होता. १८ तारखेस तहावर सह्या झाल्या.

रामझे यास पुढें पुष्कळांनीं दोष दिला. आणखी एक-दोन दिवस त्यानें तग धरावयास नको होता काय, हा प्रश्न कांहीं अगदींच गैरवाजवी नाहीं. परंतु त्या तहाचीं कलमें पहा. रहिवाशांचीं घरेंदारें व मालमत्ता त्यांचीच राहावी. कॅनडाचा निकाल दोन्ही राजांमध्यें लागेपर्यंत कॅथलिक धर्माचें आचरण मोकळें असावें. मठ, धर्मगुरु व बिशप यांस संरक्षण मिळावें. त्या काळीं खुद्द इंग्लंडांत कॅथलिकांवर कडक कायदे होते, हें लक्षांत घेतलें म्हणजे या कलमांचें मोल कळतें.

१७६० च्या एप्रिलमध्यें लेव्हीनें शहराजवळच इंग्रजांस लढाईंत हरविलें, तरी शहर परत मिळालें नाहीं. १७६३ च्या पॅरिसच्या तहानें कॅनडा इंग्रजांचा झाला. मात्र कॅथलिकांच्या धर्मस्वातंत्र्याचें वचन त्यांतही आलें, व १७७४ च्या क्वेबेक कायद्यानें तें अधिक बळकट झालें.

तलवारीनें जें राखतां आलें नाहीं, तें लेखणीनें राखिलें. म्हणून रामझे यास तोलूं पाहणारानें दुसऱ्या पारड्यांत त्या कलमांचेंही वजन घालावें, एवढीच माझी विनंति आहे.