केळुसकर गुरुजींची सोबत



मुंबईत चर्नी रोडच्या बागेत शाळा सुटल्यावर एक मुलगा वाचत बसायचा. विल्सन हायस्कूलमधले शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकरही तिथं येत. त्यांनी त्याची विचारपूस केली, काय वाचावं ते सांगितलं, पुस्तकं दिली. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, तेव्हा गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. एवढं आपल्याला पाठ असतं. मला त्यापुढचं जास्त मोलाचं वाटतं. इंटरनंतर पैशांअभावी शिक्षण थांबायची वेळ आली, तेव्हा याच गुरुजींनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला, भीमरावांची भेट घडवून आणली. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. बुद्धी भीमरावांची, कष्टही त्यांचेच. पण शिक्षण अडलं त्या वेळी, कुणाकडे जायचं हे ठाऊक असलेला माणूस त्यांच्या पाठीशी होता.

आजही घोडं तिथंच अडतं. बारावीच्या निकालानंतर तालुक्याच्या कुठल्याही सायबर कॅफेत जाऊन बघा. शेतमजुराची मुलगी, घरात कॉलेजची पायरी चढणारी पहिलीच. मागे रांग, म्हणून ऑपरेटर घाईघाईत फॉर्म भरतो. ओटीपी त्याच्याच मोबाइलवर येतो, पासवर्ड त्याच्याच वहीत राहतो. जात पडताळणीसाठी आजोबांचा शाळेचा दाखला आणायला सांगतात. आजोबांनी शाळाच पाहिली नसेल तर दुसरं काय चालतं, हे तिला कुणी सांगत नाही. महाडीबीटी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज कॉलेजच्या लॉगिनला अडकलाय, हे कळेपर्यंत मुदत टळलेली असते. मग घरी ठरतं, आपल्याला हे झेपायचं नाही. हुशार मुली अशा घरी बसतात, याची मला चीड येते.

पदवीधर मित्रमैत्रिणींनो, तुमच्यातल्या कितीतरी जणांनी हे खेटे स्वतः घातले आहेत. कुठला दाखला सेतू केंद्रात मिळतो, कुठल्यासाठी तहसीलला जावं लागतं, प्रवेशाच्या कॅप राउंडमध्ये पर्यायांचा क्रम कसा लावायचा, हे तुम्हाला तोंडपाठ आहे. गावच्या मुलांना ते हवं आहे. प्रेरणादायी व्याख्यानं त्यांनी पुष्कळ ऐकलीत. दुसऱ्या दिवशी तहसीलच्या खिडकीशी ती पुन्हा एकटीच असतात.

म्हणून माझं मागणं लहान आहे. आपल्या वस्तीतला, पाड्यावरला, तांड्यावरला एक मुलगा किंवा एक मुलगी धरा. फॉर्म भरताना शेजारी बसा, ओटीपी तिच्याच घरच्या मोबाइलवर येईल असं बघा. प्रवेश झाला म्हणून हात झटकू नका. पहिल्या सेमिस्टरला गणितात केटी लागते, वर्गातल्या इंग्रजीनं जीव दडपतो, वसतिगृहातून रात्री फोन येतो, ‘दादा, मी घरी परत येते.’ तो फोन उचला आणि तिचं सगळं ऐकून घ्या. नोकरीनिमित्त पुण्याला, बंगळुरूला गेलात आणि नंबर बदलला, तर नवा नंबर तिला सर्वांत आधी कळवा.