हनुवटीवरचा पांढरा केस

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला तुम्ही चार शब्द बोला, असे कार्यवाह वहिनींनी मला सांगितले, तेव्हा आहार किंवा बचत असला एखादा विषय त्यांच्या मनात असावा. मी माझा विषय सांगितला आणि त्या क्षणभर गप्पच झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "ताई, सभेला पुरुषमंडळीही असतात हो!" असेनात. ती मंडळी रोज सकाळी आरशापुढे उभी राहून दाढी करतात, त्याचा संकोच आपण कधी केला नाही. मग आपल्या हनुवटीवरच्या चार केसांचा त्यांनी का करावा?

विषय आहे लेसर किरणांनी अंगावरचे केस काढण्याचा. आणि त्यातही पांढऱ्या, भुऱ्या, फिक्या केसांचा. मी शाळेत बत्तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवले आणि तरी या विषयात मी १८,००० रुपये घालवले. तेही भिशीचे. म्हणून आज उभी आहे.

झाले असे. पन्नाशी उलटल्यावर माझ्या हनुवटीवर राठ केस येऊ लागले. पाळी गेल्यावर पुष्कळ जणींना ते येतात, कारण शरीरातले स्त्रीत्वाचे संप्रेरक कमी होते आणि जे थोडे पुरुषी संप्रेरक प्रत्येकीच्या अंगात असतेच, त्याचा जोर दिसू लागतो. चिमटा हाताशी ठेवून मी दहा वर्षे काढली. एके दिवशी नातवाने लाडाने गालाला गाल लावला आणि "आजी टोचते" म्हणून तोंड बाजूला केले. मुलाचे बोलणे; त्यात काय एवढे? पण ते मला लागले. त्याच आठवड्यात मी कोणाला न सांगता एका सौंदर्यकेंद्रात जाऊन सहा बैठकांचे पैसे भरून आले.

आता माझा मूर्खपणा ऐका. तिथे जायचे म्हणून घरून निघण्यापूर्वी मी सगळे केस चिमट्याने उपटून गेले! दुसऱ्याला दिसायला नकोत ना! तिथल्या मुलीनेही केस कोणत्या रंगाचे, हे विचारले नाही, आणि विचारले असते तरी तिला दाखवायला माझ्याकडे एकही नव्हता. प्रत्येक खेपेस मी हेच केले. चौथ्या बैठकीनंतर जे थोडे काळे केस होते तेही परत आले आणि पांढरे तर पहिल्या दिवसासारखे जागच्या जागी. मुलगी गोड आवाजात म्हणाली, "अजून दोन सिटिंग आहेत ना, आजी." तेव्हा मी एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी भिंग धरले, पाहिले आणि म्हणाल्या, "पांढऱ्या केसाला लेसर लागत नाही. आणि काळे उपटून गेल्यावर त्याने लागायचे तरी कोणाला?"

मला भर दवाखान्यात घाम फुटला. कारण हे तर मी सातवीच्या मुलांना दर वर्षी दाखवीत असे. उन्हात भिंग धरून कागदावर प्रकाशाचा ठिपका पाडायचा. कोरा पांढरा कागद बराच वेळ दाद देत नाही. त्याच कागदावर शाईचा काळा डाग द्या, त्यातून लगेच धूर निघू लागतो. गच्चीवर काळे आणि पांढरे पातळ शेजारी शेजारी वाळत घाला आणि दुपारी हात लावून पाहा. काळे प्रकाश पिते आणि तापते, पांढरे तो परतवून लावते. लेसरची सारी करामत एवढ्यावरच उभी आहे.

केसाला काळेपणा येतो तो मेलॅनिन नावाच्या रंगद्रव्याने. यंत्रातून निघालेला किरण त्वचेतून आत जातो, हे रंगद्रव्य तो शोषून घेते, तापते, आणि ती उष्णता केसाच्या मुळाला भाजून काढते. एका सेकंदाच्या हजारांश भागांत मोजावे इतक्या थोड्या वेळात हे होते, म्हणून भोवतालची कातडी वाचते. रंगद्रव्याचेही दोन प्रकार आहेत: एक काळे-तपकिरी आणि दुसरे तांबूस-पिवळे. लेसरला उपयोगी पडते ते पहिले. सोनेरी केसांत ते फार थोडे असते, लाल केसांत बहुतेक दुसरेच असते आणि पांढऱ्या केसांत यांतले काहीच नाही. किरण येतो आणि ओळख न दाखवता निघून जातो.

लेसर हे काही आजचे नव्हे. १९६० साली अमेरिकेत थिओडोर मायमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण काढला. एका रंगाला भाजावे आणि शेजारच्याला सोडावे, हे तत्त्व १९८३ साली अँडरसन आणि पॅरिश या बॉस्टनच्या दोघा डॉक्टरांनी मांडले. १९९६ साली त्याच शहरात माणकाच्या लेसरने केस घालवण्याचा जो प्रयोग प्रसिद्ध झाला, त्याला निवडलेली माणसे गोऱ्या कातडीची आणि काळ्या-तपकिरी केसांची होती. म्हणजे पहिल्या पावलापासून ही विद्या काळ्या केसांची. युरोपातल्या सोनेरी, तांबड्या केसांच्या तरुण मुलींनाही तिचा फारसा उपयोग होत नाही. आपल्याकडे एखादी घाऱ्या डोळ्यांची, पिंगट केसांची असेल तिने आणि माझ्यासारख्या पिकल्या केसांच्या बायांनी हे ध्यानात धरावे.

इथे शेजारच्या काकूंनी मला विचारले होते, "अगं, मग केसाला कलप लावून जावे की!" प्रश्न शहाणपणाचा आहे आणि तो साहेबालाही सुचला होता. १९९५ साली अमेरिकेत ज्या पहिल्या पद्धतीला सरकारी मान्यता मिळाली, तिच्यात मेणाने केस ओढून त्या छिद्रांत कोळशाच्या बारीक कणांचे द्रावण चोळीत आणि मग किरण सोडीत. काही महिन्यांत केस परत आले. पुढे कोणी रंगद्रव्य फवारून पाहिले. त्याचेही फळ तोकडेच. कलप चढतो तो बाहेरच्या काडीवर आणि भाजायचे असते ते आतले मूळ. भिंतीला रंग दिला म्हणून पाया रंगतो का?

ज्यांचे केस काळे आहेत त्यांना लेसरचा गुण येतो, हेही मी सांगितले पाहिजे; माझ्या रागापोटी चांगल्या वस्तूला नावे ठेवणार नाही. मात्र आपल्या सावळ्या कातडीतही तेच रंगद्रव्य असते, तेव्हा किरण जपून निवडावा लागतो, नाहीतर केसाऐवजी कातडी भाजते आणि काळे डाग पडतात. आपल्या वर्णाला १०६४ नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा किरण त्यातल्या त्यात सुरक्षित मानतात. सगळे केस एकाच वेळी वाढीला लागलेले नसतात, म्हणून बैठका अनेक. बैठकीपूर्वी महिनाभर तरी उपटणे, दोरा, मेण, सगळे बंद, वस्तरा चालतो. वस्तऱ्याने केस राठ होतात ही समजूत खोटी आहे. मिल्ड्रेड ट्रॉटर या बाईंनी १९२८ सालीच ते मोजून दाखवले. आणि "कायमचे जातील" असे कोणी म्हटले तर अमेरिकेचे औषधखाते काय म्हणते ते सांगा: केस कायमचे 'कमी' होतात, इतकेच म्हणायची परवानगी ते लेसरवाल्यांना देते.

आता मुलींच्या आयांसाठी. बाळाच्या अंगावरची लव जावी म्हणून आपण कणकेचा गोळा फिरवतो. ती लव पुष्कळदा आपोआपच झडते, पण आपल्याला समाधान. तीच हौस पुढे लग्नाच्या वेळी पुन्हा उचल खाते. मुलीच्या गालावरची बारीक, फिकी लव लग्नाआधी लेसरने काढून टाकू, असे दोघींनी मला सांगितले. बायांनो, थांबा! त्या लवेत रंग इतका कमी की तिचे मूळ मरत नाही. उलट कधीकधी ती उष्णता लागून चेतते आणि लवेच्या जागी राठ काळे केस उगवतात. आपल्यासारख्या सावळ्या वर्णाच्या मुलींत, चेहऱ्यावर आणि मानेवर, हे झालेले डॉक्टरांना चांगले ठाऊक आहे. बरी असलेली लव घालवायला जाऊन दाढी आणायची! आणि मुलीच्या हनुवटीवर खरोखरच जाड केस येत असतील, पाळीही अनियमित असेल, तर केंद्राची पायरी चढण्याआधी डॉक्टरांची चढा. ते बीजकोशाच्या विकाराचे लक्षण असू शकते. उतारवयातही केस एकाएकी झपाट्याने वाढले किंवा आवाज घोगरा झाला, तर हयगय करू नये.

मग पांढऱ्या केसाला उपाय काय? आहे, आणि तो लेसरहून जुना आहे. १८७५ साली सेंट लुईस शहरात चार्ल्स मिशेल नावाचे डोळ्यांचे डॉक्टर होते. पापण्यांचे केस आत वळून बुबुळाला टोचत, अशा रोग्यांसाठी त्यांनी केसाच्या मुळाशी बारीक तार घालून विजेचा प्रवाह सोडला आणि केस पुन्हा उगवला नाही. आपल्या अंगात मिठाचे पाणी असतेच. त्यातून प्रवाह गेला की मुळाशी इवलासा दाहक सोडा तयार होतो आणि तो मूळ जाळतो. इलेक्ट्रॉलिसिस म्हणतात ते हेच. त्याला केस काळा, पांढरा, सोनेरी, सगळे सारखे. खोड एवढीच की एकेक केस घ्यावा लागतो, टोचते, वेळ फार लागतो आणि हे काम नीट येणारे हात सगळ्या गावांत नाहीत. पाय किंवा पाठ अशी काढायची म्हणजे जन्म जायचा. पण हनुवटीवर असतात किती? माझे मोजून अकरा होते. सहा गेले, पाच अजून आहेत. त्या पाचांपैकी दोन, आज ही लांबची रांगही पाहत असेल तर दिसतील. मी मुद्दामच ठेवून आले आहे.

राहिल्या दोन बैठकांचे पैसे मी त्या केंद्राकडे परत मागितले आहेत. पुढच्या सोमवारी दुपारी पुन्हा जाणार आहे; बरोबर यायला कोणी मोकळी असेल तर बरे. आणि शाळेतले माझे भिंग मी पिशवीतून आणले आहे. चहाच्या वेळी मागच्या खोलीत, खिडकीपाशी उजेड चांगला आहे. कोणाला आपले केस काळे की पांढरे ते पाहून घ्यायचे असेल तर या. पुरुषमंडळींनी तोवर बटाटेवड्यांकडे लक्ष द्यावे.