परदेशची शाळा आणि घरचा धडा

शेतकरी परगांवीं गेला म्हणजे तेथील बियाणें पाहतो, सुतार गेला म्हणजे तेथील दारें-खिडक्या पाहतो. त्याचप्रमाणें शिक्षक परदेशीं गेला म्हणजे तेथील शाळेंत डोकावल्यावांचून त्याला चैन पडत नाहीं. अलीकडे अशा शाळाभेटी मुद्दाम आंखल्या जातात. पाहुणे शिक्षक मागच्या बांकावर बसून संगणकाच्या पडद्यावरचे धडे पाहतात, खेळांतून गणित वा भूगोल शिकविण्याच्या युक्त्या टिपून घेतात आणि आपल्याकडील चार युक्त्या यजमानांना दाखवितात. ही देवघेव इष्ट आहे, यांत शंका नाहीं. परंतु परततांना शिक्षकानें बरोबर काय आणावें, आणि जातांना काय न्यावें, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

खानदेशांत भुसावळजवळ दीपनगर ही औष्णिक वीजकेंद्राची वसाहत आहे. दिव्याचें नांव घेऊन वसलेल्या या गांवची वीज तारांवाटें दूरदूरच्या घरांत जाते. अशा नोकरदार वस्तींत, आणि जळगांव-धुळ्यासारख्या शहरांतहि, मुलाचें नांव शाळेंत घालतांना आईबाप आधीं विचारतात, ‘वर्गांत डिजिटल फळा आहे ना?’ प्रश्न गैर नाहीं. पण तो अपुरा आहे. त्या फळ्यावर कोण शिकवितो, कोणासाठीं शिकवितो आणि कोणत्या भाषेंत शिकवितो, हे पुढचे तीन प्रश्न विचारल्याशिवाय पहिल्या प्रश्नाच्या उत्तराला अर्थ येत नाहीं.

हे तीन प्रश्न ज्यांनीं स्वतःला विचारले, अशा एका मराठी शिक्षकाचें उदाहरण सर्वांच्या समोर आहे. सोलापूर जिल्ह्यांत माढा तालुक्यांतील परितेवाडी येथें जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेवर श्री. रणजितसिंह डिसले २००९ सालीं रुजू झाले. शाळेची इमारत मोडकळीस आलेली, एका बाजूला गुरांचा गोठा. मुलींची हजेरी कधीं कधीं शेंकडा २ इतकी खालीं येई, असें त्यांना पुढें पारितोषिक देणाऱ्या वर्की फाउंडेशननें नमूद केलें आहे. भर म्हणून पाठ्यपुस्तकांची भाषा आणि मुलांच्या घरची भाषा या दोन निराळ्या होत्या. घरांत कानडी बोलली जाई. डिसले यांनीं आधीं स्वतः कानडीचा अभ्यास केला, मग पहिली ते चौथीच्या पुस्तकांचें रूपांतर केलें, आणि त्यानंतर पानोपानीं ‘क्यूआर कोड’ छापून त्यांतून कविता, गोष्टी, व्याख्यानें व स्वाध्याय मुलांच्या घरापर्यंत पोहोंचविले. हा क्रम लक्षांत ठेवण्याजोगा आहे. भाषा आधीं आली, यंत्र मागून आलें.

हा चौकोनी ठसा मूळचा शिक्षणक्षेत्रांतला नव्हे. जपानांतील डेन्सो वेव्ह या कंपनींत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९४ सालीं मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठीं तो सिद्ध केला. ‘गो’ नांवाचा बैठा खेळ जपानांत फार जुना आहे. त्याच्या पटावरील काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांवरून ही रचना सुचली, असें हारा यांनीं सांगितलें आहे. कोपऱ्यांतील तीन मोठे चौकोन यंत्राला दिशा दाखवितात. आणि ठशाचा कांहीं भाग मळला वा फाटला, तरी उरलेल्या भागावरून मजकूर जुळवितां येतो. लहान मुलांच्या पुस्तकाला हा गुण किती उपयोगी, हें सांगावयास नको. मात्र या ठशांत धडा नसतो, धड्याचा पत्ता असतो. त्या पत्त्यावर कोणी शिक्षक मन लावून कांहीं मांडून ठेवील तरच दार उघडल्याचें सार्थक; एरवीं तें रिकाम्या घराचें दार होय.

महाराष्ट्र शासनानें २०१७ सालीं ही कल्पना राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आणली, आणि पुढें राष्ट्रीय पुस्तकांतहि ती गेली. डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजीं लंडन येथून जागतिक शिक्षक पारितोषिक जाहीर झालें. रक्कम १० लक्ष डॉलर. तींतील अर्धी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांना वांटून देण्याचें ठरविलें. इटली, दक्षिण आफ्रिका, अमेरिका, दक्षिण कोरिया, नायजेरिया, इंग्लंड, ब्राझील, व्हिएतनाम आणि मलेशिया अशा नऊ देशांतले ते शिक्षक होते. शिक्षकांच्या देवघेवीचा याहून स्पष्ट दाखला शोधूनहि सांपडणार नाहीं.

परदेशच्या शाळेला भेट द्यावयाची तर विमानांतच बसलें पाहिजे, असें आतां उरलेलें नाहीं. संगणकाच्या पडद्यावरून दोन देशांचे वर्ग समोरासमोर बसतात. व्हिएतनामच्या फू थो प्रांतांतील शिक्षिका हा आन् फुआंग यांनीं डोंगराळ भागांतील आपल्या विद्यार्थ्यांना याच वाटेनें परदेशांतील वर्गांशीं इंग्रजींत बोलतें केलें; डिसले यांच्याबरोबर अंतिम फेरींत असलेल्या नवांपैकीं त्या एक.

अशा भेटींत खेळावयाचा एक खेळ अनेक देशांतील शिक्षकांनीं उचलला. तो ज्या स्काइप नांवाच्या सेवेवर वाढला, ती २०२५ सालीं बंद झाली. खेळ मात्र कोणत्याहि पडद्यावर चालतो. दोन वर्ग समोरासमोर येतात, पण कोण कोठला हें दोघांनाहि सांगितलेलें नसतें. पाळीपाळीनें प्रश्न विचारावयाचे, उत्तर ‘होय’ किंवा ‘नाहीं’ एवढेंच. समजा, एका बाजूला भुसावळकडील वर्ग आहे आणि दुसऱ्या बाजूला व्हिएतनाममधील. ‘तुमचा देश विषुववृत्ताच्या उत्तरेस आहे काय?’ दोन्हीकडे उत्तर ‘होय’. प्रश्न फुकट गेला नाहीं, पण अर्धी पृथ्वीच काय ती कमी झाली. ‘तुमच्याकडे केळी पिकते काय?’ खानदेशच्या मुलाला हा प्रश्न हुकमी वाटतो. पण केळी व्हिएतनामांतहि पिकते, आणि मुलाला कळतें कीं जें आपलें वाटतें तें आपलें एकट्याचें नसतें. ‘तुमची मोठी नदी पश्चिमेस वाहते काय?’ तापीकांठचा मुलगा ‘होय’ म्हणतो, आणि समोरचा वर्ग नकाशावर वांकतो. कारण भारताच्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेकडे धांवतात, तापी-नर्मदा या उलट दिशेच्या. ‘तुमच्याकडे घड्याळांत किती वाजले?’ हें विचारण्याची मुभा नाहीं. पण ‘तुमच्याकडे दुपारचे बारा वाजून गेले काय?’ असें विचारतां येतें. इकडे ११ वाजलेले असतांना तिकडे साडेबारा झालेले असतात. रेखांश ही कल्पना पुस्तकांत दहा वेळां वाचून जी उमगत नाहीं, ती या एका उत्तरानें उमगते.

या खेळांत पडदा आहे, पण शिकविणारा पडदा नव्हे. चांगला प्रश्न तोच, ज्याच्या ‘होय’नें अथवा ‘नाहीं’नें शक्यतांचे दोन सारखे वांटे होतील, हें मुलांना खेळ संपल्यावर समजावून देणारा शिक्षक तेथें हजर पाहिजे. तो नसेल तर उरते ती निव्वळ गंमत.

परक्या पद्धतीला आपलें रूप देण्याचा पाठ महाराष्ट्राला नवा नाहीं. मारिया माँटेसरी यांनीं १९०७ सालीं रोम येथें पहिलें बालगृह उघडलें. त्यांची साधनें सुबक, पण महागडीं. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनीं १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. आणि १९४५ सालीं ताराबाईंनीं बोर्डी येथें खेड्यांतील मुलांसाठीं काम आरंभिलें, तेव्हां परदेशी साधनांची वाट न पाहतां शिंपले, खडे, पानें, बिया हींच साधनें केलीं. मोजणें, निवडणें, लहानमोठें ओळखणें हें सारें त्यांतून साधलें. पुढें कोसबाडला त्या व अनुताई वाघ यांनीं, मुलें गुरें राखावयास जातात म्हणून शाळाच कुरणांत नेली. माँटेसरींच्या पद्धतींतलें लांकूड मागें राहिलें. मुलाच्या हाताला काम आणि मनाला स्वातंत्र्य देण्याचें तत्त्व तेवढें आलें. परितेवाडींत पुस्तकाच्या पानावरून धडा घरीं गेला, कोसबाडला शाळा कुरणांत गेली. दोहोंतली दृष्टि एकच.

आणि देण्यासारखें आपल्यापाशीं काय आहे? पुण्याच्या आयुका संस्थेंत श्री. अरविंद गुप्ता यांनीं आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, जुनीं वर्तमानपत्रें यांपासून विज्ञानाचीं खेळणीं केलीं आणि इंटरनेटवर सर्वांना मोकळीं करून दिलीं. काड्यांचा त्रिकोण दाबला तरी आकार सोडीत नाहीं, चौकोन मात्र कलतो. पुलांना व छपरांना त्रिकोण कां लागतात, हें मुलाला दोन पैशांच्या साहित्यांत दिसतें. परदेशीं जाणाऱ्या शिक्षकानें अशी काडी खिशांत ठेवावी. ती तेथेंहि नवी वाटेल.

मात्र देतांनाहि सावधपण हवें. सापशिडीचा खेळ भारतांतून इंग्लंडांत गेला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. मूळ मोक्षपटांत शिडीच्या पायथ्याशीं सद्गुणाचें नांव असे, सापाच्या तोंडाशीं दुर्गुणाचें. महाराष्ट्राची परंपरा हा पट ज्ञानेश्वरांशीं जोडते. परदेशीं हळूहळू नांवें पुसलीं गेलीं. चढणें-उतरणें तेवढें राहिलें. आज आपल्याच घरांत तो खेळ त्या रिकाम्या रूपांत खेळला जातो. पद्धतीच्या पोटांतला हेतु गळला म्हणजे काय होतें, त्याची ही घरोघरीं ठेवलेली साक्ष होय.

खानदेशापुरतें पाहिलें तर येथील मुलाच्या घरांत अहिराणी आहे, भुसावळ-यावलकडे लेवा गणबोली आहे, सातपुड्याच्या पायथ्याशीं भिल्ली-पावरी आहे. वर्गांतील पडदा बहुधा यांपैकीं एकहि भाषा बोलत नाहीं. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. तरी त्यांची बोली आज पाठ्यपुस्तकांत मानानें बसली आहे. याच खानदेशांत अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत साने गुरुजी १९२४ ते १९३० पर्यंत शिक्षक होते, आणि वसतिगृहांतील मुलांसाठीं हातानें लिहून दैनिक काढीत. साधन होतें कागद आणि दौत. पण त्या कागदावर त्याच मुलांच्या जीवनाविषयीं मजकूर असे.

म्हणून परदेशाहून परतलेल्या शिक्षकाला शाळेनें आणि पालकांनीं ‘काय आणलेंत?’ असें विचारूं नये. ‘तेथें जें पाहिलेंत तें कोणत्या मुलाची कोणती अडचण दूर करण्यासाठीं होतें, आणि आपल्या वर्गांत तशी अडचण कोणाची आहे?’ असें विचारावें. उत्तरांत एखाद्या मुलाचें नांव आलें, तर भेटीचा खर्च वसूल झाला. नुसत्या यंत्राचें नांव आलें, तर तें यंत्र दुकानांतहि मिळालें असतें. तेवढ्यासाठीं समुद्र ओलांडण्याचें कारण नव्हतें.