जपानी भाषा शिकताना मराठीची शिदोरी

(दोडामार्ग तालुक्यातील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि शासकीय कर्मचारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



काजू-सुपारीच्या बागांच्या आणि तिलारीच्या पाण्यावर भिजणाऱ्या या तालुक्यात जपानी भाषेविषयी बोलावे, हे काहींना नवलाचे वाटेल. परंतु विषय आपल्या घराच्या उंबरठ्यापर्यंत आलेला आहे. भारत आणि जपान यांच्यात ऑक्टोबर २०१७ मध्ये तांत्रिक प्रशिक्षणार्थींच्या संदर्भात सहकार्याचा करार झाला. जपानने एप्रिल २०१९ पासून ‘विशिष्ट कुशल कामगार’ म्हणून परदेशी व्यक्तींना कामासाठी प्रवेश देण्यास आरंभ केला आणि जानेवारी २०२१ मध्ये त्यासंबंधीही उभय देशांत करार झाला. या व्यवस्थेच्या पहिल्या श्रेणीत पाच वर्षांपर्यंत काम करता येते. मात्र कुटुंब सोबत नेता येत नाही. वृद्धांची शुश्रूषा, शेती, बांधकाम, कारखान्यातील कामे अशी ही क्षेत्रे आहेत. कामाच्या कौशल्याबरोबर भाषेचीही परीक्षा द्यावी लागते.

जपानी भाषेची प्रावीण्य परीक्षा १९८४ साली सुरू झाली. २०१० पासून तिच्या पाच पायऱ्या आहेत. एन-५ ही सर्वांत सोपी व एन-१ ही सर्वांत अवघड. विशिष्ट कुशल कामगारास साधारणतः एन-४ किंवा तिच्या तोडीची परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. शुश्रूषेच्या कामासाठी त्या कामाच्या भाषेची आणखी एक परीक्षा असते. तेव्हा परदेशी जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींचे भवितव्य पुष्कळ अंशी भाषेवर अवलंबून राहते, हे ओघानेच आले.

मी जपानीचा अध्यापक नाही. हौसेने काही वर्षे ती शिकत आलो आहे, एवढाच माझा अधिकार. मात्र माहिती खात्यात काम करणाऱ्या माणसाचा सारा दिवस शब्दांच्या निवडीत जातो आणि जपानी शिकणाऱ्याची खरी कसोटी नेमकी तेथेच लागते.

लिपीचे भय सर्वांना वाटते. हिरागाना आणि काताकाना यांची प्रत्येकी ४६ मूळ अक्षरे आणि नित्य वापरासाठी ठरवून दिलेली २,१३६ चित्राक्षरे, हा पसारा मोठा आहे खरा. पण तो मेहनतीने आटोक्यात येतो. व्याकरणाची बाब तर आपल्या सोयीची आहे. जपानी वाक्यात मराठीप्रमाणेच क्रियापद शेवटी येते. आपण नामापुढे ‘पासून’, ‘पर्यंत’ लावतो, तसे ते ‘कारा’, ‘मादे’ लावतात. अडचण येते ती एकाच अर्थाच्या भासणाऱ्या दोन-चार शब्दांतून नेमका एक उचलताना.

शासकीय कामकाजात असणाऱ्यांना ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाही. परवानगी, मंजुरी, मान्यता, संमती आणि अनुमती हे शब्द सामान्य माणसाला एकच वाटतात. फाइलीवर मात्र एकाच्या जागी दुसरा पडला तर प्रकरण परत येते. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६४ साली राजभाषा अधिनियम झाला आणि त्यानंतर परिभाषा सिद्ध करताना हेच काम तज्ज्ञांनी केले. जवळच्या शब्दांच्या हद्दी त्यांनी आखून दिल्या.

जपानी शब्दांच्या हद्दी आपल्या मुलांना कशा शिकवल्या जातात? बहुतेक ठिकाणी वाटेत इंग्रजीचे ठाणे असते. जपानी शब्द, त्याचा इंग्रजी अर्थ आणि त्यावरून मनातल्या मनात केलेला मराठी अर्थ, असा तो प्रवास होतो. या प्रवासात जो माल हरवतो तो पुष्कळदा मराठी मुलाच्या घरचाच असतो. हे उदाहरणांनी पाहू.

बशी पडली तर ती फुटते. दोरी तुटते, फांदी मोडते, कागद फाटतो आणि पंप बिघडतो. चौथीतले मूलसुद्धा येथे शब्दांची अदलाबदल करीत नाही. इंग्रजीत या सर्वांची बोळवण बहुधा एकाच क्रियापदावर होते. जपानीत मात्र बशी ‘वारेरु’, दोरी ‘किरेरु’, फांदी ‘ओरेरु’, कागद ‘याबुरेरु’ आणि यंत्र ‘कोवारेरु’. मराठीत जसे हाड मोडते, तसे जपानीतही हाडाला फांदीचेच क्रियापद लागते. इंग्रजीच्या वाटेने गेलेला विद्यार्थी हे पाच शब्द पाच कोडी म्हणून पाठ करतो. मराठीच्या वाटेने गेलेल्याला ती ओळखीची माणसे वाटतात.

पोशाखाचे तसेच. आपण सदरा घालतो, लुगडे नेसतो, फेटा बांधतो, शाल पांघरतो, चष्मा लावतो. जपानी माणूस अंगात घालण्याच्या कपड्याला ‘किरु’, कमरेखालच्या कपड्याला व पादत्राणाला ‘हाकु’, डोक्यावरच्या टोपीला ‘काबुरु’ आणि चष्म्याला ‘काकेरु’ म्हणतो. दोन्ही भाषांतील वाटण्या जुळत नाहीत, हे खरे. पण वस्त्र कोणते त्यावर क्रियापद ठरते, ही सवय आपल्या जिभेला आधीच आहे.

कोकणच्या माणसाला सर्वांत जवळचे उदाहरण भाताचे. शेतात उभे असते ते ‘इने’, गिरणीतून येतो तो तांदूळ म्हणजे ‘कोमे’ आणि ताटात पडतो तो भात म्हणजे ‘गोहान’. हॉटेलात पाश्चात्त्य पद्धतीने बशीत वाढला की तोच भात ‘राइसु’ होतो. आपल्याकडेही घरी जेवतो तो भात आणि हॉटेलच्या पाटीवर राईसप्लेट असतेच. आजाऱ्यास देतात ती ‘ओकायु’ ही आपली पेजच होय. सीमेपलीकडे गोव्यात शिजलेल्या भाताला शीत म्हणतात, तर आपण शितावरून भाताची परीक्षा करतो. एका धान्यासाठी इतके शब्द का असावेत, हा प्रश्न जेथे पेज रोजची आहे तेथल्या मुलाला पडणार नाही.

आता शुश्रूषेच्या कामाकडे वळू, कारण तेथे शब्द चुकल्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते. वृद्ध रुग्ण नुसते ‘दुखते’ म्हणत नाही. दात ठणकतो त्यास ‘झुकिझुकि’, टोचल्यासारखे होते त्यास ‘चिकुचिकु’, कातडी चुरचुरते त्यास ‘हिरिहिरि’, पोटात मंद, सतत दुखत राहते त्यास ‘शिकुशिकु’ असे शब्द आहेत. शब्दकोशात यांच्यापुढे लांबलचक वर्णने दिलेली आढळतात. मराठीत ठणका, ठसठस, टोचणी, चुरचुर, कळ हे शब्द तयार आहेत आणि चुरचुर, ठसठस यांची घडणही जपानी शब्दांसारखीच दुहेरी आहे. आजीच्या पायाला तेल चोळणाऱ्या नातीने हे सारे ऐकलेले असते. ते ज्ञान तिच्या वहीत उतरले पाहिजे.

शब्दांच्या थरांबाबतही असेच साम्य आहे. मराठीत देशी शब्द, संस्कृतातून आलेला शब्द आणि परकीय शब्द शेजारी शेजारी नांदतात: खाणावळ, भोजनालय, हॉटेल. जपानीत देशी, चिनी मुळाचा आणि पाश्चात्त्य असे तीन थर आहेत. मुक्कामाच्या जागेस ‘यादोया’, ‘र्‍योकान’ आणि ‘होतेरु’ असे तीन शब्द आहेत आणि तिघांची जागा वेगळी आहे. ‘हाजिमेरु’ म्हणजे सुरू करणे, ‘काइशि सुरु’ म्हणजे प्रारंभ करणे. घरी कोणी ‘स्वयंपाकास प्रारंभ केला’ म्हणत नाही आणि शासकीय पत्रात ‘काम धरले’ लिहीत नाही. हे ज्याला कळते, त्याला जपानीतील हा भेदही कळतो. येथील मुले तर घरात झील आणि चेडू, शाळेत मुलगा आणि मुलगी, लग्नपत्रिकेत चिरंजीव आणि चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी असे शब्द जागा पाहून वापरतात. मालवणी बोलणे हा भाषेचा दोष मानण्याची प्रवृत्ती अद्याप गेलेली नाही. वस्तुतः बाजारात मालवणी, वर्गात मराठी व डिचोलीकडे गेल्यावर कोंकणी बोलणारे मूल दिवसातून अनेकदा शब्दांची निवड करीत असते.

मित्रहो, येथवर मराठीचे उपकार सांगितले. परंतु शिदोरी सर्व वाटेला पुरत नाही. मराठी जेथे दगा देते, त्या जागाही सांगणे माझे कर्तव्य आहे.

पहिली जागा पाण्याची. आपले पाणी गार असो वा कढत, पाणीच असते. जपानीत ‘मिझु’ म्हणजे न तापवलेले पाणी. तापवलेल्या पाण्यास ‘ओयु’ हा स्वतंत्र शब्द आहे. स्नानाच्या पाण्याविषयी बोलताना शुश्रूषा करणाऱ्याने या दोहोंत गल्लत केली तर ती केवळ भाषेची चूक राहत नाही.

दुसरी जागा ‘असणे’ या क्रियापदाची. माणूस आणि जनावर ‘इरु’, वस्तू व झाडे ‘आरु’. मराठीत घरात आजोबाही असतात आणि खुर्चीही असते.

तिसरी जागा देण्याची. मी किंवा अन्य कोणी परक्यास दिले तर ‘आगेरु’. दुसऱ्याने मला किंवा माझ्या माणसास दिले तर ‘कुरेरु’. माणसे आपली व परकी अशी आधी मनात विभागल्याशिवाय क्रियापद सापडत नाही.

चौथी जागा आदराची. तू, तुम्ही आणि आपण यांची जाण असल्यामुळे खाण्यासाठी साधा ‘ताबेरु’, समोरच्याविषयी आदराचा ‘मेशिआगारु’ आणि स्वतःविषयी नम्रतेचा ‘इतादाकु’ ही त्रयी आपल्याला लवकर उमगते. पण आपण परक्यापुढे ‘आमचे साहेब आले आहेत’ असे आदरार्थी बोलतो. जपानी कर्मचारी बाहेरच्या माणसाशी बोलताना स्वतःच्या साहेबांच्या नावापुढील ‘सान’सुद्धा काढून टाकतो, कारण त्या वेळी साहेब ‘आपल्या’ बाजूचे असतात. स्वतःच्या आईस इतरांपुढे ‘हाहा’ व दुसऱ्याच्या आईस ‘ओकासान’ म्हणतात, तेही याच न्यायाने.

पाचवी जागा सर्वांत नाजूक आहे. आपल्या हातून बशी पडली, तर आपण ‘माझ्या हातून फुटली’ म्हणतो आणि त्यात अपराधाची कबुली येते. जपानीत नुसते ‘वारेमाशिता’, म्हणजे ‘फुटली’, म्हटले तर माणूस अंग काढून घेत आहे असे वाटते. तेथे ‘वात्ते शिमाइमाशिता’, म्हणजे ‘मी फोडली, वाईट झाले’, अशा अर्थाचे वाक्य अपेक्षित असते. मराठीत ‘मी फोडली’ म्हणजे मुद्दाम फोडली असा वास येतो. म्हणून मराठी मुलाची जीभ तेथे अडखळते. त्याचा प्रामाणिकपणा शाबूत असतानाही वरिष्ठांच्या मनात किंतु राहू शकतो. परक्या गावात एकट्या राहणाऱ्या मुलास हे आधीच सांगितलेले असणे, हा त्याला दिलेला मोठाच आधार आहे.

यास्तव काही साध्या सूचना करतो. विद्यार्थ्याच्या वहीत जपानी शब्दापुढे एकटा अर्थ नसावा. पूर्ण वाक्य असावे आणि ते कोण, कोणास, कोठे म्हणतो याची नोंद असावी. अर्थ मराठीत लिहावा, मालवणी शब्द अधिक नेमका असेल तर तोच लिहावा. दोन जवळचे शब्द सापडले की एकाच वाक्यात ते आळीपाळीने घालून पाहावेत आणि कोणता कोठे अडतो याची शहानिशा शिक्षकाकडून करून घ्यावी. जेथे मराठीत एक शब्द आहे आणि जपानीत दोन, ते पान तांबड्या शाईने लिहावे. पुण्यात विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानीचे अध्यापन चालते. शंका तेथपर्यंत पोचवता येतात.

शिक्षकांस माझी विनंती अशी की, मराठीच्या तासाला समानार्थी शब्दांची यादी पाठ करून घेऊन थांबू नये. फुटणे आणि तुटणे यांत भेद काय, हे मुलांना विचारावे. उत्तर देताना त्यांची जी धडपड होईल, तीच पुढे कोणतीही भाषा शिकताना कामी येणार आहे. पंचायत सदस्यांनी ग्रंथालयासाठी पुस्तके निवडताना एक चांगला मराठी शब्दकोश आवर्जून घ्यावा. आणि ‘भाषेची गरज नाही, पैसे भरा, जपानला पाठवतो’ असे सांगणारा कोणी गावात आला, तर त्याची चौकशी केल्यावाचून कोणीही पैसे देऊ नयेत, हे ग्रामसभेत स्पष्ट सांगावे.

या तालुक्यातून जपानला चार मुले जातील की चाळीस, हे मला सांगता येणार नाही. जी जातील, त्यांनी आपली भाषा मागे ठेवून जाण्याचे कारण नाही, एवढे मात्र खात्रीने सांगतो. परक्या भाषेतील बारीक भेद ओळखण्याचे माप त्यांना येथेच, या मातीत मिळालेले आहे. ते वापरायला शिकवणे आपल्या हाती आहे.