वाद्यांचें कूळ

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत पुलगांवच्या धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



कार्यक्रमपत्रिकेंत माझ्या नांवापुढें “आशीर्वादपर चार शब्द” असें छापलें आहे. आशीर्वाद तर वेदीवरून मी नेहमींच देत असतों. म्हणून आज आपली अनुमति गृहीत धरून मी जरा निराळ्या विषयाकडे वळतों. गेले सहा महिने आपल्या धर्मग्रामांत एक वाद चालला आहे. महोत्सवासाठीं जमलेल्या निधींतून गायनवृंदाकरितां विजेवर चालणारा कीबोर्ड घ्यावा, कीं जुन्या पेटीचा फाटका भाता दुरुस्त करावा, हा त्या वादाचा एक भाग. मिस्साच्या वेळीं ढोलकी व खंजिरी वाजवावी कीं नाहीं, हा दुसरा. पहिल्या प्रश्नांत तरुण एकीकडे व वडील मंडळी दुसरीकडे, असा सरळ हिशेब आहे. दुसऱ्या प्रश्नावर मात्र एकेका घरांत दोन दोन तट पडले आहेत. “पेटी आपली, खंजिरी ती भजनवाल्यांची, ती येथें शोभत नाहीं,” असें एका वृद्ध बाईंनीं मला निक्षून सांगितलें. त्यांच्या भक्तीविषयीं मला आदर आहे. परंतु ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ शोधूं नये अशी जी म्हण आहे, तिच्यांत वाद्याचीहि भर घालावी, असें मला त्या वेळीं वाटलें.

ज्याला आपण ख्रिस्तमंदिराचें वाद्य म्हणून सर्वांत अधिक मान देतों, त्या ऑर्गनचेंच पाहा. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रिया शहरीं क्तेसिबियस नांवाचा एक कल्पक यंत्रकार होऊन गेला. पाण्याच्या वजनानें हवेचा दाब कायम ठेवावा आणि ती हवा लहानमोठ्या नळ्यांतून सोडून सूर काढावे, अशी युक्ति त्यानें काढली. ग्रीक लोक त्या यंत्राला हायड्रॉलिस म्हणत. रोमन लोकांनीं तें उचललें, आणि नेलें कोठें? तर जेथें माणसें परस्परांचे प्राण घेत व प्रेक्षक टाळ्या पिटीत, त्या आखाड्यांत! त्या काळच्या फरशांवरील रंगीत चित्रांत झुंजणाऱ्या वीरांच्या शेजारीं ऑर्गन वाजविणारा दाखविलेला आहे. पुढें पश्चिमेंत ही विद्या लोपली. इ. स. ७५७ मध्यें कॉन्स्टंटिनोपलचा सम्राट पांचवा कॉन्स्टंटाईन यानें फ्रँक लोकांचा राजा पेपिन यास एक ऑर्गन नजराणा म्हणून पाठविला, आणि तेथून पुढें कांहीं शतकांनीं तो मठांत व महामंदिरांत स्थिर झाला. आखाड्यांतून वेदीपर्यंत येण्यास त्याला हजार वर्षें लागलीं. आमच्या ढोलकीला तितका अवकाश देण्याचीहि कोणाची तयारी नाहीं!

आतां वडील मंडळींच्या बाजूनेंहि बोललें पाहिजे. कारण त्यांचा आग्रह कांहीं हवेंतून आलेला नाहीं. पोप दहावे पायस यांनीं २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं पवित्र संगीताविषयीं जें आज्ञापत्र काढलें, त्यांत पियानो आणि ढोल, झांजा यांसारखीं गोंगाट करणारीं वाद्यें मंदिरांत वाजविण्यास स्पष्ट मनाई होती. त्या काळीं कित्येक ठिकाणीं उपासनेस नाटकगृहाची कळा आली होती, आणि पोपमहाराजांस ती मोडावयाची होती. आपले आजेपणजे त्या शिस्तींत वाढले. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं जो उपासनाविषयक दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यांत नळ्यांच्या ऑर्गनचा मान राखूनहि, पवित्र उपयोगास योग्य असलेलीं वा होऊं शकणारीं इतर वाद्यें अधिकाऱ्यांच्या संमतीनें घेण्यास दार उघडलें. तेव्हां आज प्रश्न मनाईचा उरलेला नसून योग्यतेचा आहे. आणि योग्यता ही वाद्याच्या जन्मावरून ठरवावयाची, कीं वाजविणाऱ्याच्या हातावरून?

आपली पेटी तरी कोठली? पितळेच्या पातळ पट्टीला वारा लावून ती थरथरवावयाची, हें तिचें मर्म. आणि हें मर्म पूर्वेकडे फार जुनें आहे. चीन देशांतील शेंग नांवाचें वाद्य असेंच वाजतें. एका भांड्यांत बांबूच्या नळ्यांचा जुडगा खोंवलेला असतो व वाजविणारा तोंडानें फुंकतो. अठराव्या शतकांत पेकिंग येथें राहणारे जेझुइट धर्मगुरु आमियो यांनीं तीं वाद्यें पॅरिसला धाडलीं. पुढें १८४२ च्या सुमारास पॅरिसमध्यें अलेक्झांद्र देबें यानें हार्मोनियमचें पेटंट घेतलें. तें पायानें भाता हाणावयाचें, खुर्चीवर बसून वाजवावयाचें वाद्य होतें. गरीब ख्रिस्तमंदिरांना ऑर्गन परवडत नसे, म्हणून मिशनरी लोक तें बरोबर घेऊन हिंदुस्थानांत आले. जमिनीवर मांडी घालून गाणाऱ्या आपल्या देशाला तें गैरसोयीचें. तेव्हां कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं १८७५ सालीं भाता पाठीमागें लावून हातपेटी केली: एका हातानें भाता, दुसऱ्या हातानें सूर. मग ती नाटकांत गेली, कीर्तनांत गेली, आणि गोविंदराव टेंब्यांसारख्यांनीं तिला बैठकींत मानाचें स्थान मिळवून दिलें. तरीहि १९४० सालीं आकाशवाणीनें तिला परकी व श्रुतिहीन ठरवून बहिष्कृत केलें. ही बंदी १९७१ मध्यें अंशतः उठली. श्रुतींविषयींचा आक्षेप खरा आहे, पेटीवर मींड निघत नाहीं. पण एकतीस वर्षें जिला परकी म्हणून बाहेर बसावें लागलें, तिनेंच आज खंजिरीला परकी म्हणावें, हें कांहीं बरें दिसत नाहीं.

आणि खंजिरी परकी कशी? लाकडी कड्यावर ताणलेलें कातडें, हें जगांतील अति प्राचीन वाद्यांपैकीं एक. तांबडा समुद्र ओलांडल्यावर मिर्यामनें हातीं घेतला तो डफच होता, आणि १५० व्या स्तोत्रांत परमेश्वराच्या स्तवनासाठीं जीं वाद्यें मोजलीं आहेत, त्यांत शिंग, वीणा, तंतुवाद्य, पांवा, झांजा यांच्या जोडीला डफहि आहे. खंजिरी ही त्याच घराण्यांतील धाकटी लेक. आपल्या वऱ्हाडनागपुरांत तर तिला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीं अशी कांहीं प्रतिष्ठा दिली कीं, मोझरीचें नांव घेतलें कीं खंजिरीच कानांत वाजूं लागते. १९३६ सालीं महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून ते सेवाग्रामास, म्हणजे त्या वेळच्या शेगांवास, सुमारें महिनाभर राहिले होते. तें ठिकाण आपल्याच जिल्ह्यांत आहे. १९५५ सालीं हीच खंजिरी घेऊन ते जपानच्या धर्मपरिषदेस गेले.

“घरगुती” वाद्य म्हटलें कीं आपण नाक मुरडतों. पण मनिलाजवळ लास पिन्यास या गांवीं दिएगो सेरा नांवाच्या धर्मगुरूनें काय केलें तें ऐका. धातु महाग आणि गांव गरीब. बांबू मात्र विपुल. त्यानें १८१६ सालीं बांबूचा ऑर्गन बांधावयास घेतला. किडीनें खाऊं नये म्हणून बांबू कित्येक महिने समुद्रकांठच्या वाळूंत पुरून ठेवले. आणि १८२४ मध्यें ऑर्गन पुरा झाला. त्याच्या १०३१ नळ्यांपैकीं ९०२ बांबूच्या आहेत. भूकंप व वादळें सोसून तो खिळखिळा झाला, तेव्हां १९७३ मध्यें जर्मनीस नेला, आणि १९७५ मध्यें दुरुस्त होऊन परत आला. आज देशोदेशींचे वादक तो वाजविण्यासाठीं तेथें येतात. सेरामहाराजांजवळ कल्पना होती, आणि आठ वर्षें धीर होता.

आपल्या गोंवेकर बांधवांचा घुमट तर त्याहून साधा. मातीचें मडकें, दोहों बाजूंस तोंडें, एका तोंडावर घोरपडीचें कातडें. दुसरें तोंड तळहातानें झांकून उघडून नाद घुमवावयाचा. लग्नांत व मांडो गातांना ख्रिस्ती घरांत तो वाजतो आणि गणेशचतुर्थीच्या आरतीलाहि तोच वाजतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें घोरपड मारण्यास बंदी झाली, तेव्हां आतां घुमट गेला असें पुष्कळांस वाटलें. कारागिरांनीं बकऱ्याचें कातडें लावून पाहिलें, वादकांनीं कुरकुरत कां होईना तें स्वीकारलें, आणि २०१९ मध्यें गोवा सरकारनें घुमटास राज्याचें वारसा-वाद्य ठरविलें.

आमच्या गांवाचें नांव दारूगोळ्याच्या भांडारामुळें सर्वत्र ठाऊक आहे. ३१ मे २०१६ ची ती भयंकर रात्र आपण विसरलों नाहीं. म्हणून मिरजेची गोष्ट मला विशेष वाटते. तेथें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रें घासणारे शिकलगार लोक सतार व तंबोरे बनवूं लागले. फरीदसाहेब हे त्यांतील आद्य. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे कडू भोपळे आणून त्यांचा तंबोरा करावयाचा, ही विद्या त्या घराण्यांनीं टिकविली, आणि २०२४ मध्यें मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें.

आतां विजेच्या वाद्यांकडे येतों. मी त्यांचा शत्रु नाहीं. रशियाच्या थेरेमिननें १९२० च्या सुमारास हात न लावतां नुसत्या हवेंत हात हलवून वाजणारें वाद्य काढलें. अमेरिकेंत हॅमंडचा विजेचा ऑर्गन १९३५ मध्यें निघाला आणि शेंकडों लहान ख्रिस्तमंदिरांची सोय झाली. बंगळूरच्या राजनारायण यांनीं १९७९ मध्यें इलेक्ट्रॉनिक तंबोरा केला. आतां तर तो मोबाईलमध्यें बसतो आणि एकट्यानें रियाज करणाऱ्यास मोठाच आधार होतो. माझी तक्रार फक्त कीबोर्डाच्या एका कळीबद्दल आहे. ती दाबली कीं तबला, ढोल, झांजा सर्व आपोआप सुरू होतात. म्हातारी माणसें कडव्याच्या शेवटीं श्वास घेतात, लहान मुलें अर्धा शब्द मागें राहतात. खंजिरीवाला तें पाहतो आणि हात थोपवितो. यंत्र थोपवीत नाहीं. मग मंडळी गावयाचें सोडून ऐकूं लागतात, आणि चार वर्षांनीं ज्या धर्मग्रामाला गातां येत होतें त्याला गातां येईनासें होतें.

म्हणून धर्मग्राम समितीपुढें मीं असें ठेविलें आहे: पेटी दुरुस्तीस नागपूरला जावी, उरलेल्या पैशांत बेताच्या किंमतीचा कीबोर्ड घ्यावा, पण ती कळ उपासनेंत कोणीं दाबूं नये. ढोलकी व खंजिरी मात्र पुढच्या रविवारपासून वाजतील. त्यासाठीं लागणारी संमति मीं घेतली आहे. खंजिरी शिकण्यास तिघां मुलांनीं व एका मुलीनें नांवें दिलीं आहेत, आणखी दोघांना जागा आहे. तालीम दर शनिवारीं सायंकाळीं पांच वाजतां. वर सांगितलेल्या वृद्ध बाईंनीं पहिल्या तालमीस येऊन बसण्याचें कबूल केलें आहे. मात्र आपण पेटीच्याच बाजूला बसूं, अशी त्यांची अट आहे.