वीर कोणाला म्हणावे?

(बडोदे येथील मराठी श्रोत्यांपुढे आम्ही केलेल्या भाषणाचा मजकूर वाचकांसाठी येथे देत आहोत.)



सैनिक आणि क्रीडापटू या दोघांपैकी वीर ही पदवी कोणाला द्यावी, असा प्रश्न आपण आमच्यापुढे ठेवला आहे. वरवर पाहता हा शाळेतल्या वादविवादाचा विषय वाटेल. परंतु समाज कोणाला वीर म्हणतो ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. आज ज्याला आपण वीर म्हणू, त्याच्यासारखे होण्याची आस उद्या आपली मुले धरणार आहेत. म्हणून हा शब्द नाण्यासारखा वाजवून घेतला पाहिजे. खोटा रुपया एकदा बाजारात चालू लागला, की खऱ्याला कोणी विचारीत नाही!

हा प्रश्न बडोद्यात विचारला जावा, हे उचितच झाले. १५ जुलै २०२४ ची संध्याकाळ आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल. विश्वचषक जिंकून आलेल्या हार्दिक पंड्याची या शहरात उघड्या बसमधून मिरवणूक निघाली. मांडवीपासून पुढे रस्ता दिसेनासा झाला. सज्जे आणि गच्च्या माणसांनी फुलून गेल्या. त्याच रात्री जम्मूच्या डोडा जिल्ह्यात, देसाच्या जंगलात, अतिरेक्यांचा माग काढणाऱ्या आपल्या तुकडीवर गोळीबार झाला. कॅप्टन ब्रिजेश थापा, नाईक डी. राजेश, शिपाई बिजेंद्र आणि शिपाई अजय हे चौघे तेथे धारातीर्थी पडले. मिरवणुकीत नाचणाऱ्यांना ते ठाऊक असणे शक्यच नव्हते. त्याबद्दल कोणाला बोल लावण्याचा आमचा हेतू नाही. परंतु आता आपण स्वतःलाच विचारावे : बार्बाडोसच्या त्या अंतिम सामन्यात शेवटचे षटक कोणी टाकले, हे येथले शेंबडे पोरही सांगेल. डोड्याच्या त्या चार नावांपैकी एक तरी, आम्ही आता उच्चारीपर्यंत, आपल्याला आठवत होते काय?

येथे क्रीडापटूला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे सोपे आहे. आम्ही तसे करणार नाही. हार्दिक पंड्याचे यश फुकटचे नव्हे. मुलांना क्रिकेटचे चांगले शिक्षण मिळावे म्हणून बापाने सुरतेचे बिऱ्हाड मोडून बडोदे गाठले, आणि मुलांनी त्या विश्वासाचे चीज केले. दोष आहे तो टाळ्या पिटणाऱ्या गर्दीचा! ज्या खेळाडूला तिने जुलैमध्ये डोक्यावर घेतले, त्यालाच त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये तिने वानखेडे मैदानावर हुर्यो उडवून नकोसे केले होते. अपराध एवढाच, की मुंबई संघाचे कर्णधारपद रोहित शर्माकडून त्याच्याकडे आले! उन्हाळ्यात शिव्या आणि पावसाळ्यात फुले! जी गर्दी माणसाची किंमत चार महिन्यांत अशी उलटीपालटी करते, तिच्या टाळ्यांवरून वीराची पारख कशी व्हावी?

आपली मराठी भाषा या बाबतीत मुळीच दरिद्री नाही. कौशल्य दाखवील तो निष्णात, स्पर्धा जिंकील तो विजेता, नाव मिळवील तो कीर्तिमान, वेदना सोसूनही जागचा हलणार नाही तो धैर्यवान. हे सारे शब्द घरात असताना आपण ते अडगळीत टाकले, आणि सिनेमाच्या भिंतीपत्रकावरून उतरलेला 'हीरो' हा एकच शब्द जो दिसेल त्याला चिकटवीत सुटलो. वीर या शब्दाची कसोटी मात्र वेगळी आहे. तिला दोनच प्रश्न पुरतात. या माणसाने पणाला काय लावले? आणि ते कोणासाठी लावले? जो आपले सर्वस्व पणाला लावतो, आणि ते दुसऱ्यांसाठी लावतो, तो वीर. बाकीचे थोर असतील, गुणी असतील, वंदनीयही असतील. पण वीर हा शब्द त्यांचा नव्हे.

कोणी म्हणेल, खेळाडू काय देह झिजवीत नाही? झिजवतो, आणि त्याचा दाखला बडोद्याइतका चांगला कोण देणार? आपले अंशुमान गायकवाड १९७६ साली जमैकातील किंग्स्टनच्या मैदानावर उभे राहिले, तेव्हा डोक्यावर आजच्यासारखे शिरस्त्राण नव्हते आणि समोरून होल्डिंगचे चेंडू अंगावर येत होते. ८१ धावांवर असताना चेंडू कानावर बसला, पडदा फाटला, तेव्हाच त्यांनी मैदान सोडले. हे धैर्य लहान नव्हे. त्याला आमचा मुजरा आहे. परंतु त्याच सामन्यात पुढे काय झाले तेही पाहा. माणसे जायबंदी होऊ लागली, तेव्हा कर्णधार बिशनसिंग बेदी यांनी पहिला डाव ६ बाद ३०६ वर सोडून दिला. दुसरा डाव तर पाच गडी बाद झाले असताना ९७ वर संपला, कारण उरलेले पाच फलंदाज खेळण्याच्या स्थितीतच नव्हते. बेदींनी जे केले ते शहाणपणाचे केले. खेळात तशी सोय असते, आणि असलीच पाहिजे. रणांगणावर डाव सोडून देण्याची सोय नसते! तेथे कर्णधाराने 'पुरे' म्हटले, तर पाठीमागचे गाव शत्रूच्या हाती जाते.

मग क्रीडापटूला वीर होण्याची वाटच बंद आहे काय? नाही. याचे उत्तरही आपल्या सयाजीबागेतील संग्रहालयात दगड होऊन पडले आहे. १९०२ साली गामा पहिलवानाने बडोद्यात बाराशे किलोंची शिळा उचलली. ती शिळा तेथे जतन केलेली आहे. लोक ती पाहतात, तोंडात बोट घालतात आणि पुढे जातात. पण गामाची थोरवी त्या दगडात नाही. १९४७ साली लाहोर पेटले तेव्हा याच गामाने आपल्या मोहल्ल्यातील हिंदू कुटुंबांना पाठीशी घातले आणि चालून आलेल्या जमावाला तो आडवा उभा राहिला, असे त्याचे चरित्रकार सांगतात. 'बळी तो कान पिळी' हा जगाचा न्याय. या बलवंताने कान पिळला तो स्वधर्मीयांतल्या दंगलखोरांचा, आणि वाचवले ते परधर्मीय शेजाऱ्यांना! शिळा उचलली तेव्हा तो मल्ल होता; त्या गल्लीत उभा राहिला तेव्हा तो वीर झाला. जुम्मादादांच्या आखाड्याची आणि प्रा. माणिकरावांची परंपरा ज्या शहराने पाहिली, त्याला शरीर कमवायचे ते कशासाठी, हे बाहेरून येऊन आम्ही सांगावे असे नाही.

आता सैनिकाकडे वळू. आम्ही सीमाभागातून आलो आहोत. बेळगावला १९२२ पासून मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. तेथे भरतीला येणारी शेतकऱ्यांची पोरे आम्ही पाहतो. कोणी म्हणतात, ही पोरे पोटासाठी जातात, पगार घेतात. त्यात वीरता कसली? पगार घेतात, हे खरे. परंतु पगार कष्टांचा असतो. प्राणांचा भाव कोणत्याही पगारपत्रकात लिहिलेला नसतो. विश्वचषक जिंकणाऱ्या संघाला क्रिकेट मंडळाने १२५ कोटी रुपये दिले, तेव्हा खेळाडू पैशासाठी खेळतात असे कोणी म्हटले नाही. मग हा हिशेब शिपायाच्याच वाट्याला का?

कारवारजवळच्या चेंडिये गावचे राम राघोबा राणे यांचे उदाहरण घ्या. ८ एप्रिल १९४८ रोजी नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या रणगाड्यांची वाट सुरुंग पेरून आणि झाडे आडवी टाकून शत्रूने बंद केली होती. ती मोकळी करण्याचे काम बॉम्बे सॅपर्सच्या या सेकंड लेफ्टनंटकडे आले. पहिल्याच दिवशी तोफगोळ्यांच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले दोघे ठार झाले आणि पाच जखमी; त्या पाचांत स्वतः राणे होते. तरी त्यांनी काम सोडले नाही. रणगाड्याच्या पोटाखालून सरपटत, दोराने चालकाला खुणा करीत, अंगावर गोळ्या येत असताना ते रस्ता उकलीत गेले. पुढचे दोन-तीन दिवस विश्रांती अशी नाहीच. रस्ता खुला झाला आणि रणगाडे चिंगासपर्यंत पोहोचले. राणे यांना परमवीरचक्र मिळाले. ते रणांगणावर पडले नाहीत. १९९४ पर्यंत आपल्यातच होते. वीर ठरण्यासाठी मरावे लागत नाही. मरणाला सामोरे जावे लागते, आणि तेही दुसऱ्यांची वाट मोकळी करण्यासाठी.

तथापि केवळ गणवेश अंगात चढवला म्हणून प्रत्येक जण वीर, असेही आम्ही म्हणत नाही. सैन्यही तसे म्हणत नाही. १९५० साली परमवीरचक्र सुरू झाल्यापासून ते मिळालेले लोक किती? अवघे एकवीस, त्यांतले चौदा मरणोत्तर! ज्यांचा रोजचा व्यवहार मृत्यूशी, ते हा शब्द इतका जपून वापरतात. आणि आपण षटकारासरशी तो उधळतो!

आणि ज्याच्या ठायी सैनिक आणि क्रीडापटू एकत्र आले, त्याचे आपण काय केले? सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते कायमचे अधू झाले. हातांनी पोहायला शिकले, आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे दिव्यांगांच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक त्यांनी जिंकले. या स्पर्धांत भारताला मिळालेले ते पहिले सुवर्ण! त्यांना पद्मश्री केव्हा मिळाली? २०१८ साली! मध्ये सेहेचाळीस वर्षे गेली. सैनिक म्हणून आपण त्यांना विसरलो आणि खेळाडू म्हणूनही विसरलो. गरज सरो आणि वैद्य मरो! सैनिक मोठा की खेळाडू, या वादात आपण रंगतो, पण ज्याला मिरवणूक नाही तो आपल्या लेखी कोणीच नाही, हे दुखणे वादाहून जुने आहे.

म्हणून आमचा निर्णय स्वच्छ आहे. खेळाडूवर प्रेम करा, त्याच्या विजयाने आनंदित व्हा, गुलाल उधळा. पण त्याला त्याच्या गुणाच्या नावाने हाक मारा. वीर हा शब्द राखून ठेवा तो दुसऱ्यांसाठी प्राण पणाला लावणाऱ्यांकरिता, मग तो डोड्याच्या जंगलातला शिपाई असो की लाहोरच्या गल्लीतला पहिलवान.

आणि शब्द राखला एवढ्याने भागत नाही. वीराचे आपल्यावर ऋण असते, आणि ऋण टाळ्यांनी फिटत नाही. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो; तो निधी युद्धात पडलेल्यांच्या कुटुंबांसाठी आणि अपंग झालेल्या जवानांसाठी असतो. त्या दिवशी आपल्या घरातून किती रुपये जातात, याचा हिशेब ज्याने त्याने मांडावा. आपल्या गल्लीत राहणाऱ्या सैनिकाच्या विधवेच्या पेन्शनीचे कागद अडले असतील, तर तिच्याबरोबर कचेरीत जाऊन उभे राहावे. शाळेच्या भिंतीवर खेळाडूच्या चित्राशेजारी राणे यांचे चित्र लावावे, आणि मुलांनी 'हे कोण?' असे विचारले तर उत्तर तयार ठेवावे.

बडोद्याला मिरवणुका काढता येतात, हे जगाने पाहिले आहे. ज्याची मिरवणूक कधीच निघणार नाही त्याचे नावही बडोद्याला लक्षात ठेवता येते, हे दाखवणे आता आपल्या हाती आहे.